काय आधी, काय नंतर : नोकरी सोडून अग्निजन्य खडक शिकताना

जुलै २०२५ मध्ये माझ्या भूशास्त्रातल्या एम.एस्सी.चा निकाल लागला. प्रकल्पाचा विषय होता अग्निजन्य खडक, म्हणजे आपल्या नाशिककरांच्या पायाखालचा काळा पाषाण, आणि तो ज्या शिलारसातून गोठला त्याची घडण. प्रवेश घेण्याआधी या दोन वर्षांबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिलंय का, ते मी खूप शोधलं होतं. अभ्यासक्रमाच्या पीडीएफ मिळाल्या. पण खर्च किती येतो, कुठे थांबावं लागतं, कुठला भाग डोक्यावरून जातो आणि तो कसा खाली उतरवायचा, हे कुणी लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहितेय.

२०१७ ला बी.एस्सी. झाल्यावर मी नाशिकमध्येच, विहिरी आणि बोअरच्या जागा पाहून देणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये लागले. दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवला हा आमचा पट्टा. बोअर चालू असताना बाहेर पडणारी पूड ठरावीक फुटांवर पाहायची आणि वहीत उतरवायची. काळी बारीक पूड आली की घट्ट पाषाण, पांढरे-हिरवट कण मिसळलेले दिसले की मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांनी भरलेला पाषाण, मध्येच लाल पूड आली की गेरूचा थर. पाण्याच्या बाबतीत यातला कोण कसा वागतो ते चांगलं कळत होतं. पण पाषाण, मांजऱ्या, गेरू आणि पुन्हा पाषाण असं एकाच बोअरमध्ये परत परत का येतं? प्रत्येक वेळी खालून आलेला रस एकाच जातीचा होता का? मुळात घन पृथ्वीच्या पोटात रस तयार तरी कसा होतो? यावर माझ्याकडे बी.एस्सी.ला पाठ केलेल्या दोन ओळींपलीकडे काही नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत मी पुढे शिकायचं ठरवलं. बाबांनी एकच विचारलं, “शिकून पगार वाढेल का गं?” लगेच नाही वाढणार, असं मी खरं ते सांगितलं. त्यांनी थोडा विचार करून होकार दिला. दोन वर्षं घरखर्चातला माझा वाटा दादाने उचलला. नोकरी सोडून शिकायचं असेल तर ही बोलणी फॉर्म भरायच्या आधी करा. नंतर अभ्यासात ती सारखी डोक्यात घोळत राहतात.

प्रवेशाचं काम जूनमध्ये सुरू झालं आणि ऑगस्टच्या अखेरीस संपलं. माझी बी.एस्सी. त्याच विद्यापीठाची असल्याने मायग्रेशन सर्टिफिकेट लागलं नाही. विद्यापीठ वेगळं असेल तर ते आधीच मागवून ठेवा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं: शिक्षणात खंड का पडला, त्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, एवढं लिहून नोटरी. नोकरीचं अनुभव प्रमाणपत्र मी सोबत जोडलं. ते मागितलेलं नव्हतं, पण पडताळणीच्या खिडकीवर त्यामुळे पुढचे प्रश्न आले नाहीत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर सेतू केंद्रातून काढले. जूनमध्ये तिथे सगळ्या जिल्ह्याची गर्दी असते, त्यामुळे हातात पडायला जवळजवळ तीन आठवडे गेले. नॉन-क्रीमी लेयरवर ३१ मार्च ही मुदतीची तारीख असते. मागच्या वर्षीचा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तारीख वाचा. फी पहिल्या वर्षाला तीस हजारांच्या आसपास होती, कारण आमचा वर्ग विनाअनुदानित होता. महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज भरला, पण पैसे पहिलं वर्ष संपून गेल्यावर आले. खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही. सरकारी रक्कम कुठल्या खात्यात पडायची त्याची वेगळी नोंद बँकेत असते. ती दाखवून घ्या, माझ्या दोन मैत्रिणींचे पैसे जुन्या, बंद पडलेल्या खात्याच्या नोंदीमुळे अडकले होते.

आमचा वर्ग नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यावर चालला. दोन वर्षांत ८८ श्रेयांक, दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. प्रकल्प पुढे आहे असं वाटत राहतं, पण त्याचा विषय पहिल्या वर्षीच डोक्यात असला तर पुढचे कितीतरी महिने वाचतात.

पहिल्या सत्रात सर्वांत जास्त धास्ती इग्नियस पेट्रोलॉजीची, म्हणजे अग्निजन्य खडकांच्या विषयाची होती. वर्गात बहुतेक सगळ्यांचं तसंच होतं. याचं कारण मला नंतर उमगलं. हा विषय एकच खडक तीन ठिकाणी बघायला लावतो: सूक्ष्मदर्शकाखाली, फेज डायग्राममध्ये (कुठल्या तापमानाला किती घन आणि किती रस हे दाखवणारी आकृती) आणि रासायनिक आकडेवारीत. शिकवताना मात्र हे तिन्ही वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या वह्यांत येतं. सोमवारी प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या पट्ट्या, बुधवारी युटेक्टिक (मिश्रणाचा सर्वांत खालचा वितळणबिंदू), शुक्रवारी सिलिकाचे टक्के. ही एकाच दगडाची गोष्ट चालली आहे हे कुणी सांगत नाही. आमच्या मॅडमनी एका प्रात्यक्षिकात सहज म्हटलेलं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: कुठलाही अग्निजन्य खडक हातात आला की विचारायचं, यात आधी काय घडलं आणि नंतर काय. त्या एका प्रश्नाने मला तिन्ही वह्या जोडता आल्या.

सूक्ष्मदर्शकापासून सांगते. खडकाचा काप ०.०३ मिलिमीटर जाडीचा झाला की प्रकाश त्यातून आरपार जातो. साध्या प्रकाशात आपला बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, फिकट तपकिरी, रंगहीन आणि काळ्या तुकड्यांचा दिसतो. प्रकाश गाळणारे निकोल एकमेकांना आडवे केले की प्लॅजिओक्लेजच्या बारीक कांड्या राखाडी-पांढऱ्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या होतात, आणि ऑजाइट, म्हणजे पायरॉक्सिन गटातलं खनिज, पिवळा, निळा, जांभळा उजळतो. सुरुवातीला सगळे जण रंगांवरून ओळखायला जातात. काप थोडा जाड राहिला तरी रंग बदलतो, म्हणून त्यावर विसंबू नका. आधी प्लॅजिओक्लेज शोधायचं. ते राखाडी-पांढऱ्यापुढे जाऊन पिवळं दिसत असेल तर काप जाड आहे, असं समजून बाकीचं वाचायचं. मग कोण कुणाच्या पोटात आहे ते पाहायचं. इथल्या बऱ्याच कापांत ऑजाइटच्या एका मोठ्या दाण्यात प्लॅजिओक्लेजच्या कितीतरी कांड्या अडकलेल्या दिसतात. याला ऑफिटिक पोत म्हणतात. कांड्या आधी वाढायला लागल्या आणि ऑजाइट त्यांना कवेत घेत भोवती वाढला. ऑलिव्हीन हे तिसरं खनिज असलंच तर बहुतेक वेळा बदललेलं, लालसर-तपकिरी कडांचं. प्रत्येक कापाचं फोटो काढण्याआधी पेन्सिलने चित्र काढायची सवय मी लावून घेतली. फोटोत सगळं येतं. चित्र काढताना काय आधी आणि काय नंतर हे ठरवल्याशिवाय हात पुढे जात नाही.

फेज डायग्राम हा दुसरा डोंगर. डायॉपसाइड आणि अनॉर्थाइट या दोन खनिजांची आकृती सगळ्यांनाच असते. एकटं डायॉपसाइड १३९२ अंश सेल्सियसला वितळतं, एकटं अनॉर्थाइट १५५३ अंशांना. दोन्ही एकत्र असली की मात्र पहिला थेंब १२७४ अंशांनाच सुटतो, म्हणजे दोघांच्याही वितळणबिंदूच्या बराच खाली. आणि सुरुवातीला त्यांचं प्रमाण काहीही घ्या, त्या पहिल्या थेंबाची घडण ठरलेलीच असते. परीक्षेसाठी हे आठ दिवसांत पाठ होतं. पण शिलारस कसा तयार होतो याची किल्ली यातच आहे, हे माझ्या लक्षात यायला नोव्हेंबर उजाडला. लहानपणी आपण प्लास्टिकच्या नळीतली रंगीत पेप्सी चोखायचो. गोड रंगीत पाणी आधी तोंडात यायचं आणि नळीत शेवटी पांढरा, बेचव बर्फ उरायचा. प्रावरणातला, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातला, पेरिडोटाइट नावाचा खडक असाच अर्धवट वितळतो. तो सगळा कधीच वितळत नाही, थोडासाच वितळतो, आणि त्या थोड्या रसाची घडण मूळ खडकापेक्षा वेगळी असते: सिलिका, ॲल्युमिना, चुना जास्त, मॅग्नेशियम कमी. तो रस म्हणजे बेसॉल्टचा शिलारस. मागे उरतं ते मुख्यतः ऑलिव्हीन आणि पायरॉक्सिन.

आणि हा खडक वितळतो तरी का? पृथ्वीच्या आत खाली सगळा रसच भरलाय, ही समजूत बी.एस्सी. झालेल्यांतही असते. प्रावरण घन आहे. वितळण्याची वाट तीन प्रकारे मोकळी होते. पहिली, दाब कमी होणं. गरम खडक वर सरकतो तेव्हा तो थंड होतो, पण अगदी हळू, किलोमीटरमागे अर्ध्या अंशाच्या आसपास. त्याचा वितळणबिंदू मात्र दाब घटल्यामुळे किलोमीटरमागे तीन-चार अंशांनी उतरतो. वर येता येता एका खोलीवर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि बाहेरून काहीही उष्णता न देता खडक वितळायला लागतो. दुसरी वाट पाण्याची. समुद्राचा तळ खाली घुसतो तिथे त्यातून सुटणारं पाणी वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी उतरवतं. जपानचे आणि अँडीजचे ज्वालामुखी या वाटेने आले. तिसरी, गरम शिलारस भूकवचाच्या पायथ्याशी साचून तिथला खडक वितळवतो. दख्खनचा पाषाण पहिल्या वाटेचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा आज रीयुनियन बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूवरून, म्हणजे खोलातून गरम खडक वर येणाऱ्या जागेवरून, उत्तरेकडे सरकत होता, त्याच सुमारास सेशेल्स त्याच्यापासून सुटत होतं. या दोहोंपैकी कशाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. परीक्षेत दोन्ही बाजू लिहा.

दोन रेषा छेदण्याचा हा आलेख मी जेवणाच्या टेबलावर बाबांना काढून दाखवला. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, “मग वर सरकतं कशाने?” हाच प्रश्न पुढे तोंडी परीक्षेत आला. गरम खडक भोवतालच्या थंड खडकापेक्षा हलका असतो, म्हणून. घरच्यांना समजावून पाहा, आपल्याला कुठे कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं. फेज डायग्राम आलेखाच्या कागदावर, पट्टीने, स्वतः आखून सोडवायचे. छापील आकृतीवर बोट फिरवून लिव्हर रूल, म्हणजे घन आणि रस यांचं प्रमाण काढायचा नियम, येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये विभागाची पहिली अभ्याससहल कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत निघाली. हा घाट मी शेकडो वेळा रेल्वेच्या खिडकीतून पाहिला होता. आता सर एकेका कड्यापाशी थांबवत होते. लाव्हाच्या एकेका प्रवाहाच्या तळाशी उभ्या नळ्यांच्या आकाराच्या पोकळ्या, मध्ये घट्ट पाषाण, माथ्याकडे फुगत गेलेल्या वायूच्या पोकळ्या आणि त्यांत भरलेली पांढरी झिओलाइट खनिजं. वर लाल थर, म्हणजे प्रवाहाचा माथा उघडा पडून झिजायला मिळालेला वेळ. त्याच्यावर पुढचा प्रवाह. बोअरच्या पुडीत मी वर्षानुवर्षं जे तुकड्या-तुकड्यांत लिहीत होते, ते इथे सलग उभं होतं. मला फार आनंद झाला.

या भागात जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट आहे, सगळे त्याला जीपीबी म्हणतात. थळ घाटातला, म्हणजे याच कसारा घाटातला जीपीबी अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. काळ्या खडकात कित्येक सेंटिमीटर लांबीचे फिकट स्फटिक आडवेतिडवे पडलेले असतात. लाव्हा जमिनीवर पसरून थंड व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात असे स्फटिक वाढू शकत नाहीत. ते खाली, शिलारसाच्या कोठीत, आधीच वाढलेले होते. आधी काय, नंतर काय याचं उत्तर इथे नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं.

सह्याद्रीतल्या लाव्हाथरांची नावंही त्याच दिवशी मनात पक्की बसली. खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर हा कळसूबाई उपगट, मग खंडाळा आणि बुशे हा लोणावळा उपगट, त्यावर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर वगैरेंचा वाई उपगट. थरांचा कल एकूण दक्षिणेकडे अगदी मंद आहे, म्हणून आपल्या नाशिकच्या बाजूला खालचे, म्हणजे जुने थर उघडे मिळतात आणि महाबळेश्वरकडे वरचे. जगभरच्या शोधनिबंधांत इगतपुरी आणि जव्हार ही नावं छापलेली असतात. इथल्या विद्यार्थ्याला एसटीने जाऊन येण्याच्या अंतरावर मूळ जागा आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे! सिन्नरचं गारगोटी संग्रहालयही बघून या. पोकळ्यांत वाढलेली स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट वगैरे खनिजं एवढ्या मोठ्या आकारात एकत्र बघायला मिळतात.

दुसऱ्या सत्राचं प्रशिक्षण मी २०२४ च्या मे-जूनमध्ये थिन सेक्शन, म्हणजे खडकाचे पातळ काप बनवणाऱ्या एका कार्यशाळेत केलं. बहुतेक जण कार्यालय निवडतात. मी कार्यशाळा निवडली, याचं मला समाधान आहे. हिऱ्याच्या पात्याने खडकाची चकती कापायची, एक बाजू कार्बोरंडमच्या पुडीवर घासून गुळगुळीत करायची, अराल्डाइटने काचेवर चिकटवायची, मग दुसरी बाजू घासत न्यायची. जाड पुडीपासून बारीक पुडीकडे, आणि मध्ये प्रत्येक वेळी काच स्वच्छ धुवायची, कारण जाड पुडीचा एक कण राहिला तरी शेवटी ओरखडा उठतो. शेवटचा टप्पा फक्त बोटांच्या अंदाजाने. तिथले काका तीस वर्षं हे काम करत होते. ते दर मिनिटाला काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि प्लॅजिओक्लेज राखाडी झालं की थांबायचे. मांजऱ्या खडकाचा काप सुटतो, तुटतो. त्याला आधी पातळ अराल्डाइट पाजून घट्ट करावं लागतं. बाहेरून करून घेतलं तर माझ्या वेळी एका कापाला पाचशे रुपयांच्या आसपास पडायचे.

प्रकल्पाचा विषय ऑगस्ट २०२४ मध्ये पक्का झाला: त्र्यंबकहून मोखाड्याकडे उतरणाऱ्या घाटरस्त्यावरचे काही लाव्हाप्रवाह, त्यांचा पोत आणि मुख्य मूलद्रव्यांची घडण. मार्गदर्शक सरांनी विषय मुद्दाम लहान ठेवला. पावसाळ्यात कडे हिरवे, निसरडे असतात, म्हणून नमुने दिवाळीनंतर गोळा केले. परवानग्यांचं आधी बघा. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय हातोडा लावायचा नाही. पांडवलेणी आणि किल्ले संरक्षित आहेत, तिथे तर विचारही नको. मी रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांतूनच नमुने घेतले. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र सतत सोबत ठेवलं आणि ग्रामपंचायतीत आधी जाऊन सांगितलं. एका वळणावर गावातले दोघे जण काय खोदताय म्हणून आले. पत्र दाखवलं, स्फटिक भिंगातून दाखवले, तर त्यांनीच पुढचा चांगला कडा दाखवला.

सामान फारसं लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, जड हातोडा, छिन्नी, डोळ्यांना चष्मा, मोबाइलवरचं जीपीएस. पिशव्या आईने मांजरपाटाच्या शिवून दिल्या, प्लास्टिकच्या असल्या तर दगडाने फाटतात. नमुन्यावर क्रमांक रंगाने टाकायचा, चिकटपट्टी निघून जाते. प्रत्येक ठिकाणी झिजलेली तपकिरी साल फोडून आतला ताजा, काळा गाभाच घ्यायचा आणि प्रवाहाच्या कुठल्या भागातून घेतला ते जागेवरच लिहायचं. रासायनिक विश्लेषणासाठी मांजऱ्या भाग टाळायचा, कारण पोकळ्यांत नंतर भरलेली खनिजं शिलारसाची नसतात. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. दगडांच्या पिशव्या मात्र जड होतात. सोबतीला मैत्रीण होती म्हणून निभावलं. घाटरस्त्यावर एकटीने काम करू नका, आणि अंगात चकाकणारं जाकीट हवंच.

मग आली खरी प्रतीक्षा. नमुने फोडून, अगेटच्या खलात मैद्याइतके बारीक करून मी डिसेंबरमध्ये एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी रासायनिक घडण मोजणाऱ्या विश्लेषणासाठी एका प्रयोगशाळेत पाठवले. एका नमुन्याला दोन हजारांच्या आसपास, आगाऊ. चार आठवडे सांगितले होते. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. यंत्र बंद होतं, मग रांग होती. प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचा होता आणि माझ्याकडे आकडे नव्हते. रात्री झोप लागत नव्हती. सरांनी एकदाच सांगितलं, “आकडे येतील तेव्हा येतील. कापांवरचं प्रकरण आज लिहायला घे.” त्याप्रमाणे बसले, आणि आकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आले तेव्हा अर्धा प्रबंध तयार होता. विश्लेषणासाठी सांगितलेल्या मुदतीच्या तिप्पट वेळ हातात ठेवा. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचं विश्लेषण माझ्या ऐपतीबाहेर होतं, ते केलं नाही, आणि त्यावाचून एम.एस्सी.चा प्रबंध अडत नाही.

आकडे आल्यावर आधी बेरीज करायची. सगळी ऑक्साइडं आणि जाळून घटलेलं वजन मिळून शंभराच्या जवळ यायला हवं. जाळून घटलेलं वजन जास्त असलेला नमुना झिजलेला समजायचा. आणखी एक, जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: एक्सआरएफ सगळं लोह एकाच रूपात, फेरिक ऑक्साइड म्हणून देतं. सीआयपीडब्ल्यू नॉर्म, म्हणजे आकड्यांवरून खनिजांचं प्रमाण काढायचं गणित, करण्याआधी ते फेरस आणि फेरिकमध्ये वाटून घ्यावं लागतं. तसं केलं नाही तर गणितात मॅग्नेटाइट फुगतं आणि ऑलिव्हीन असलेला खडक क्वार्ट्झचा दिसायला लागतो. जीसीडीकिट ही आज्ञावली मोफत आहे, आलेख त्यात चांगले निघतात. पण एक नमुना तरी हाताने, कागदावर सोडवा.

माझ्या नमुन्यांपैकी एकाने मला आठवडाभर अडवलं. बाकीच्यांपेक्षा त्यात ॲल्युमिना खूप जास्त होतं, लोह आणि मॅग्नेशियम कमी. आलेखांवर तो एकटा बाजूला पडत होता. वेगळा शिलारस? वेगळा उगम? वाचलेलं सगळं आठवून मी मोठमोठ्या शक्यता मांडत होते. मग त्याचा काप पुन्हा लावला. मोठ्या प्लॅजिओक्लेजचे झुबके, एकमेकांना चिकटलेले, खडकाचा बराच भाग त्यांनीच व्यापलेला. प्लॅजिओक्लेजमध्ये ॲल्युमिना भरपूर असतं. त्याची घनता बेसॉल्टच्या रसाच्या घनतेच्या इतकी जवळ असते की ते स्फटिक पटकन तळाशी बसत नाहीत, रसात तरंगत राहून एका जागी साचू शकतात. म्हणजे मी मोजलेले आकडे रसाचे नव्हतेच. ते रस अधिक आधी वाढलेले स्फटिक, या दोहोंचे मिळून होते. क्षेत्रवहीत त्या थराबद्दल मी लिहिलेलं होतं: मोठे फिकट स्फटिक, जागोजागी गोळा झालेले. कडा, काप आणि आकडे, तिन्ही एकच सांगत होते. त्या दुपारी प्रयोगशाळेत मी एकटीच होते आणि मला कुणालातरी लगेच सांगायचं होतं. मैत्रिणीला फोन लावला. ती नेमकी परीक्षेच्या फॉर्मच्या रांगेत उभी होती, तरी तिने सगळं ऐकून घेतलं.

तोंडी परीक्षा मेमध्ये झाली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, तुमचा शिलारस थेट प्रावरणातून आला का? माझ्या नमुन्यांत मॅग्नेशियम ऑक्साइड पाच-सहा टक्के होतं. प्रावरणाशी समतोल असलेल्या रसात ते याहून बरंच जास्त असायला हवं. म्हणजे वर येण्याआधी वाटेत, भूकवचातल्या कोठ्यांत, ऑलिव्हीन आणि पायरॉक्सिन स्फटिक होऊन मागे राहिली असणार. हे मी सांगितलं. मग त्यांनी कापाचा फोटो पुढे ठेवून कुठलं खनिज आधी ते विचारलं, आणि शेवटी पेरिडोटाइटची वितळण्याची रेषा फळ्यावर काढायला लावली. प्रबंधातल्या परिभाषेवर कुणी काही विचारलं नाही, सगळा भर क्रमावर आणि कारणांवर होता. तयारी करताना आपल्या प्रत्येक नमुन्याची गोष्ट दोन मिनिटांत तोंडी सांगून पाहा, खालून वरपर्यंत.

प्रकल्पाचा एकूण खर्च काप, विश्लेषण, प्रवास आणि छपाई मिळून पंचवीस ते तीस हजारांच्या घरात गेला. यातलं निम्म्याहून जास्त विश्लेषणाचं. शक्य असेल तर दोघांनी मिळून शेजारशेजारचे प्रवाह घ्या. प्रवास, पिशव्या, खल, सगळं वाटून घेता येतं आणि आकड्यांची तुलनाही होते.

आता मी पूर्वीच्या फर्ममध्ये आठवड्यातले काही दिवस काम करते आणि उरलेल्या वेळात नेट परीक्षेच्या भूविज्ञानाचा अभ्यास. वर्गातले दोघे जण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेची तयारी करताहेत. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. विश्लेषणातून उरलेली पूड मी टाकलेली नाही. क्रमांक घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यांत, क्षेत्रवहीच्या झेरॉक्ससह विभागात ठेवली आहे. याच घाटावर काम करणारा कुणी विद्यार्थी पुढे आला आणि त्याच्याकडे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांसाठी निधी असला, तर त्याला नव्याने दगड फोडावे लागणार नाहीत. सरांशी बोलून ती वापरायला मिळेल.